पाटीवरचा नंबर आणि पत्र्यावरचा नंबर

आपल्याकडे दहा गुंठे जमीन घ्यायची झाली तरी माणूस आधी उतारा काढतो. वारस किती, बोजा कुणाचा, पूर्वी कुणाकडून कुणाकडे आली, ह्याची चौकशी केल्याखेरीज विसाराचा रुपया हातातून सुटत नाही. पण तोच माणूस चार-पाच लाखांची जुनी मोटारगाडी घ्यायला जातो तेव्हा रंग पाहतो, टायर पाहतो, दार लावल्यावर आवाज कसा येतो ते ऐकतो, गावाबाहेर एक फेरी मारून येतो आणि पैसे मोजतो. गाडीचा उतारा कुणी मागत नाही. गाडीलाही असा उतारा असू शकतो आणि त्याचा सर्व्हे नंबर गाडीच्याच अंगावर कोरलेला असतो, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. मलाही ती ठाऊक नव्हती. ती कळण्यासाठी आमच्या घराला सात महिने आणि बराच पैसा खर्ची घालावा लागला, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे मामा खानापूर तालुक्यात राहतात. आजीला आठवड्यातून दोनदा डायालिसिससाठी बेळगावला आणावे लागे. दर खेपेला भाड्याची गाडी परवडेना, म्हणून २०२२ साली मामांनी घरचीच एक जुनी गाडी घेण्याचे ठरविले. मामींच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या, काही रक्कम कर्जाऊ झाली आणि ओळखीतल्या ओळखीत महाराष्ट्राच्या पाटीची एक गाडी मिळाली. गाडी चांगली होती. विकणारा गृहस्थही सज्जन होता, हे आजही मी म्हणेन. पैसे दिले, किल्ली घेतली, मामींनी चाकाखाली लिंबू ठेवले. कागदपत्रांचे काय, असे विचारल्यावर एजंट म्हणाला, "आर.सी. बुक हातात आहे, मग काळजी कसली? एन.ओ.सी. मागाहून आणू."

ती मागाहून आणायची एन.ओ.सी. म्हणजे ना-हरकत दाखला. त्याच्या अर्जावर गाडीच्या चॅसी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. पत्र्यावर कोरलेल्या नंबरावर कागद धरून त्यावर शिसपेन्सिल घासायची, की नंबर कागदावर उमटतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण जो खेळ खेळतो तोच हा. मामांच्या गाडीचा ठसा घेतला, कार्यालयातल्या कारकुनाने तो आर.सी. बुकाशी ताडून पाहिला आणि अर्ज परत केला. सतरापैकी सोळा अक्षरे जुळत होती. शेवटून तिसऱ्या जागी पत्र्यावर ८ होता आणि बुकात इंग्रजी 'बी'.

एका अक्षराने गाडी अंगणात उभी राहिली. विम्याच्या माणसाने बजावले की नंबर जुळत नसताना अपघात झाला तर भरपाईचा दावा अडकेल. गाडी चोरीची नाही ना, अशी कुजबूज गावात सुरू झाली, तिचा त्रास मामांना हप्त्यांपेक्षा अधिक झाला. पतसंस्थेचा हप्ता चालू, आजीसाठी भाड्याची गाडीही चालू. कंपनीचे पत्र, मूळ विक्रीचा दाखला, पोलिसांचा दाखला, प्रत्यक्ष तपासणी असे करीत करीत सात महिन्यांनी उलगडा झाला की जुन्या नोंदवहीतली माहिती संगणकात चढविताना कुणीतरी ८ च्या जागी बी टंकलिखित केला होता. चोरी कुणी केली नव्हती, फसविलेही कुणी नव्हते. मूळ मालकाने दहा वर्षे गाडी चालविली, त्याने नंबर वाचला नाही. एजंटाने वाचला नाही. मामांनी नाही, आणि बरोबर गेलेल्या मीही नाही, जो विज्ञान शाखेचा विद्यार्थी म्हणवून घेतो.

ह्या सात महिन्यांत मी जे शिकलो त्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे: पाटीवरचा नंबर हा गाडीचा पत्ता असतो, पत्र्यावरचा नंबर ही तिची ओळख असते, आणि जुनी गाडी घेताना आपण पत्ता पाहून समाधान मानतो.

आपल्या महाविद्यालयाच्या आवारात एखाद्या दिवशी उभ्या असलेल्या गाड्या पाहा. बेळगावची केए-२२, चिक्कोडीची केए-२३, कोल्हापूरची एमएच-०९, गोव्याच्या जीए अक्षरांच्या पाट्या. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात, त्यामुळे बदलीवर आलेल्या लष्करी मंडळींच्या दूरदूरच्या राज्यांतल्या गाड्याही दिसतात, आणि २०२१ पासून सुरू झालेली बीएच अक्षरांची पाटीही अधूनमधून दिसते. तीन राज्यांच्या तिठ्यावर राहणाऱ्या आपल्या लोकांना पाटी बदललेली गाडी नवलाची नाही. मोटारवाहन कायदा, १९८८ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तेथला नवा नोंदणी नंबर घ्यावा लागतो. म्हणजे पाटी बदलणे हा काही लपवाछपवीचा प्रकार नव्हे, तो कायद्याचाच भाग आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की पाटीवरून गाडीचे पूर्वायुष्य कळत नाही. आज केए-२२ म्हणून मिरवणारी गाडी काल एमएच असेल, परवा जीए असेल. ह्या सगळ्या स्थलांतरांत न बदलणारी गोष्ट एकच, पत्र्यावर कोरलेली ती सतरा अक्षरे.

ह्या अक्षरांना आपण चॅसी नंबर म्हणतो, जगभर त्याला व्ही.आय.एन. म्हणजे वाहन ओळख क्रमांक म्हणतात. पूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने नंबर घाली. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्याची रीत ठरविली आणि अमेरिकेने १९८१ च्या मॉडेलपासून सतरा अक्षरांचा नंबर सक्तीचा केला. आपल्याकडे केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ मधल्या १२२ व्या नियमाप्रमाणे कारखानदाराने चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना गाडीवर कोरावयाचा असतो.

आपल्या उद्यमबागेत ज्यांचे वडील, काका नोकरी करतात त्यांना ह्यातले तत्त्व समजावून सांगायला नको. फाउंड्रीत ओतीव भागावर हीट नंबर घालतात. पुढे तो भाग कुठेही जावो, कुणाच्याही यंत्रात बसो, तडा गेला तर नंबर वाचून सांगता येते की कोणत्या दिवशीच्या कोणत्या ओतकामातला तो आहे. चॅसी नंबर हा पूर्ण गाडीचा हीट नंबर समजावा.

सतरा अक्षरांचे तीन भाग पडतात. पहिली तीन अक्षरे कारखानदाराची. भारतात बनलेल्या गाडीचा नंबर साधारणतः 'एम' ने सुरू होतो. एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएटी म्हणजे टाटा मोटर्स, एमए१ म्हणजे महिंद्र, एमएएल म्हणजे ह्युंदाई. जपानी गाडी 'जे' ने, जर्मन 'डब्ल्यू' ने, कोरियन 'के' ने सुरू होते. चौथ्यापासून नवव्यापर्यंतच्या अक्षरांत गाडीचे वर्णन: कोणते मॉडेल, कोणत्या तऱ्हेची बांधणी, कोणते इंजिन. ह्याची फोड प्रत्येक कंपनीची वेगळी. दहाव्यापासून सतराव्यापर्यंतच्या आठ अक्षरांत त्या एकाच गाडीची अशी खूण, त्यात शेवटी अनुक्रमांक.

ह्यातले दहावे अक्षर जगात पुष्कळ ठिकाणी वर्षासाठी राखलेले आहे. २०१० म्हणजे ए, २०११ म्हणजे बी, असे करीत २०१७ ला एच, २०१८ ला जे, २०२० ला एल, २०२४ ला आर. मधली काही अक्षरे गाळलेली आहेत आणि तीस वर्षांनी तेच अक्षर पुन्हा येते. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या हीच रीत पाळतात, पण सगळ्याच पाळत नाहीत, आणि महिन्याचे अक्षर कोणत्या जागी घालायचे हेही प्रत्येक कंपनी आपले ठरविते. तेव्हा घरबसल्या तर्क लढविण्यापेक्षा त्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जाऊन वाचून घ्यावे. डिसेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीत नोंदली जाते आणि विकणारा नव्या वर्षाचे मॉडेल म्हणून किंमत सांगतो, हे फार चालते. आर.सी. बुकातही उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते, पण तिकडे कुणाची नजर जात नाही.

आता ह्या नंबराचे दोन साधे नियम सांगतो. विद्यार्थी मित्रांनी निदान एवढे तरी ध्यानात ठेवावेत. पहिला, त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, कारण ती १ आणि ० ह्या अंकांसारखी दिसतात. दुसरा, शेवटच्या चार जागी केवळ अंकच असतात. मामांच्या बुकातला 'बी' शेवटून तिसऱ्या जागी होता. हा नियम आमच्यापैकी एकाला जरी ठाऊक असता तरी विसार देण्यापूर्वीच, गॅरेजच्या दारात उभ्या उभ्या सांगता आले असते की बुकातला नंबर चुकलेला आहे, आधी तो दुरुस्त करून द्या, मग पैसे घ्या. गाडी तीच आली असती. सात महिने वाचले असते, आणि दुरुस्तीची खटपट ज्याची त्याने केली असती.

वाचायचा कसा, हेही सांगतो. नंबर काही गाड्यांत बॉनेट उघडल्यावर समोरच्या आडव्या पत्र्यावर असतो, काहींत पुढच्या सीटच्या पायथ्याशी गालिच्याखाली. त्याशिवाय कंपनीची एक छोटी पट्टी किंवा चिकटपत्र दाराच्या खांबावर किंवा इंजिनाच्या बाजूला असते, तिच्यावरही तोच नंबर असतो. आर.सी. बुक, विम्याची पॉलिसी, पट्टी आणि पत्रा, ह्या चारही ठिकाणचा नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचून ताडून पाहावा. एकाने वाचावे, दुसऱ्याने बुकावर बोट ठेवावे. इंजिन नंबरही असाच पाहावा. मग ठसा घेऊन ठेवावा. ह्या सगळ्याला पंधरा मिनिटे लागतात. विकणाऱ्याने ह्या पंधरा मिनिटांसाठी कुरकुर केली तर ती कुरकुर हीच माहिती समजावी.

ठसा घेताना डोळे उघडे ठेवावेत. अक्षरे एका ओळीत, एका खोलीची आहेत का? नंबराभोवतीचाच रंग नवा का दिसतो? पत्र्यावर कानशीचे ओरखडे, वेल्डिंगचा टाका आहे का? चोरांची एक जुनी युक्ती अशी की अपघातात निकामी झालेली गाडी भंगाराच्या भावात घ्यायची, तिची कागदपत्रे मात्र जिवंत ठेवायची, आणि चोरून आणलेल्या तशाच गाडीच्या अंगावर मेलेल्या गाडीचा नंबर चढवायचा. कागद खरे, पाटी खरी, बुक खरे, खोटी फक्त गाडी. अशा गाडीत चूक शोधायची तर ती पत्र्यावरच सापडते.

रसायन व भौतिक विषयांच्या मित्रांना एक गंमत सांगतो. घासून टाकलेला नंबर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पुष्कळदा पुन्हा वाचता येतो. अक्षर ठोकताना दाबामुळे पृष्ठभागाखालच्या धातूची रचना बदलते. वरचे अक्षर घासले तरी खालचा दबलेला भाग तसाच राहतो. त्यावर योग्य ते आम्लयुक्त द्रावण लावले की दबलेला आणि न दबलेला धातू वेगवेगळ्या गतीने झिजतात आणि पुसलेली अक्षरे वर येऊ लागतात. फार खोल घासले असेल तर मात्र इलाज नाही.

येथवर वाचून कुणाला वाटेल की नंबर जुळला म्हणजे काम झाले. तसे नाही. अमेरिकेत व कॅनडात नंबराचे नववे अक्षर हा ताळा असतो. इतर अक्षरांना ठरलेल्या किमती देऊन, त्यांना जागेप्रमाणे गुणून, बेरजेला ११ ने भागायचे. जी बाकी उरेल ती नवव्या जागी असली पाहिजे; बाकी १० उरली तर तेथे 'एक्स' घालतात. आता सतराही जागी १ लिहून पाहा. बेरीज ८९ येते, ११ ने भागून बाकी १, आणि नवव्या जागी १ आहेच. ताळा जमला! पण अशी गाडी कुठे आहे? ताळा एवढेच सांगतो की नंबर लिहिण्यात चूक नसावी. त्या नंबराची गाडी कशी जगली, कुठे आदळली, किती बुडाली, हे तो सांगत नाही. आपल्याकडच्या नंबराला तर हा ताळाही सक्तीचा नाही. नंबर ही किल्ली आहे. कपाटात काय आहे ते कपाट उघडल्यावरच कळणार.

आपल्या देशात ह्या किल्लीने कोणती कपाटे उघडतात? सरकारच्या वाहन नावाच्या नोंदणी व्यवस्थेत पाटीचा नंबर घालून गाडीची नोंदणी, विमा, फिटनेस, कर्जाचा बोजा ह्यांची माहिती मिळते, आणि तेथल्या पुष्कळशा कामांसाठी चॅसी नंबराची शेवटची पाच अक्षरे विचारतात. बोजा असेल तर पतपेढीचा किंवा बँकेचा कर्जफेडीचा दाखला आणि ३५ नंबरचा अर्ज मागावा. 'कर्ज फेडले आहे हो' हे शब्द पुरेसे नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी, चॅसी व इंजिन नंबर देऊन ही गाडी पोलिसांच्या चोरीच्या यादीत आहे का ते पाहता येते. कंपनीच्या अधिकृत गॅरेजात गाडीची दुरुस्ती होत आली असेल तर तिची नोंद चॅसी नंबरावर असते. मालकाला सोबत नेऊन ती मागावी. त्यात प्रत्येक खेपेचे किलोमीटर लिहिलेले असतात. तीन वर्षांपूर्वी नव्वद हजार आणि आज काट्यावर साठ हजार असे निघाले तर पुढे बोलण्याची गरज उरत नाही.

पण ज्या कपाटाची सगळ्यांत अधिक गरज आहे ते आपल्याकडे बंद आहे. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण विसरलेलो नाही. कोल्हापूर-सांगली बुडाले, आपल्या जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी घुसले, शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग कितीतरी दिवस बंद राहिला. त्या पाण्यात उभ्या असलेल्या मोटारींचे पुढे काय झाले? काही भंगारात गेल्या. बाकीच्या धुतल्या गेल्या, वाळल्या, नवी आसने लेवून बाजारात आल्या. वायरिंगमध्ये गेलेले पाणी एका वर्षाने बोलते, दोन वर्षांनी बोलते, आणि तोवर मालक बदललेला असतो. विमा कंपनीने ज्या गाडीला पूर्ण नुकसान म्हणून पैसे दिले तिची नोंद त्या कंपनीकडे चॅसी नंबरासह असते. पण गाडी विकत घेणाऱ्या सामान्य माणसाला ती नंबर देऊन सहज पाहता येईल, अशी सोय नाही.

परदेशात हे झालेले आहे. अमेरिकेने १९९२ च्या कायद्याने राष्ट्रीय नोंदव्यवस्था उभारण्याचे ठरविले. तेथे चॅसी नंबर देऊन गाडी निकामी ठरली होती का, पुरात सापडली होती का ते पाहता येते. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना किलोमीटरच्या नोंदींचा दाखला देणे सक्तीचे आहे. इंग्लंडात वार्षिक तपासणीचे निकाल आणि त्या वेळचे किलोमीटर कुणालाही फुकट पाहता येतात. हे देश श्रीमंत आहेत म्हणून जमले, असे म्हणण्यात अर्थ नाही. आपल्याकडे नंबर आहेत, संगणकातल्या नोंदी आहेत, विमा कंपन्यांकडे दावे आहेत. कमी आहे ती एवढीच, की ह्या नोंदी एका नंबराखाली आणून ग्राहकापुढे ठेवण्याची इच्छा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम केले, विक्रेत्यांना अधिकारपत्र घेण्याची आणि गाडी कुठे फिरविली ह्याची नोंद ठेवण्याची अट घातली. पाऊल योग्य आहे. पण ते विक्रेत्यावरचे बंधन झाले. घेणाऱ्याच्या हातात त्यामुळे काही आले नाही.

ह्यावर एक आक्षेप मी ऐकला आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. असे सगळे उघडे केले तर लोकांच्या खाजगी गोष्टी चव्हाट्यावर येतील, कोण कुठे राहतो, कुणी किती कर्ज काढले, ते कुणीही पाहील. त्याला उत्तर असे की मागणी माणसाच्या इतिहासाची नाही, गाडीच्या इतिहासाची आहे. अपघाताचे वर्ष, पुराची नोंद, किलोमीटरचे आकडे, किती वेळा मालक बदलला, एवढे सांगायला कुणाचे नावगाव लागत नाही. उलट आज काय चालते? ओळखीतून, चिरीमिरी देऊन, ज्याला हवी त्याला सगळी माहिती मिळते, आणि ज्याची ओळख नाही तो अंधारात गाडी घेतो. माहिती बंद असल्याने खाजगीपणा राखला जात नाही, फक्त एजंटाचे महत्त्व राखले जाते.

शेवटचा मुद्दा आपल्या स्वतःच्या घरातला. दर वर्षी परीक्षा संपली की वसतिगृहातली मुले आपल्या जुन्या मोटारसायकली मागच्या वर्गातल्या मुलांना विकतात. चहाच्या टपरीवर व्यवहार होतो, किल्ली हातात पडते, 'बुक नंतर नावावर करून घे' असे सांगून विकणारा गाडीत बसून गावी जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय दिलेला आहे की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे आपण धारवाडला किंवा पुण्याला नोकरी करीत असताना, येथे एखाद्या अनोळखी मुलाने धडक दिली तर नोटीस आपल्या वडिलांच्या पत्त्यावर येईल. तेव्हा घेताना जशी नंबर वाचण्याची शिस्त हवी तशी विकताना नावावर करून देण्याचीही हवी. २९ आणि ३० नंबरचे अर्ज भरावेत, गाडी परराज्यात जाणार असेल तर २८ नंबरचाही, आणि नवीन बुक डोळ्यांनी पाहिल्यावर मगच विषय संपला असे समजावे.

मला एक गोष्ट सुचवावीशी वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या पथकाने वर्षातून एक दिवस आवारात टेबल मांडून बसावे. ज्याला हवे त्याच्या गाडीचा ठसा घ्यावा, बुकाशी ताडून द्यावा, चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज भरून द्यावा. कागद, पेन्सिल आणि दोन तास, एवढाच खर्च. मामांच्या प्रकरणात महाराष्ट्रातून आलेली पत्रे मी वाचीत असे आणि येथल्या कार्यालयाची कन्नड पत्रे माझा कन्नड विभागातला वर्गमित्र वाचून सांगत असे. दोघे मिळून आम्ही ते प्रकरण तडीस नेले. ह्या अंकाचे विभाग दोन असले तरी त्या टेबलावर दोन्हीकडची मुले लागतील, कारण नंबर एकच असला तरी त्यासाठी येणारी पत्रे दोन भाषांत येतात.

आजी आता नाही. गाडी मिळाल्यावर तिला त्यातून चार महिने नेता आले. बुक दुरुस्त होऊन आले त्या दिवशी मामांनी ते देवापुढे न ठेवता चष्मा लावला, बॉनेट उघडले, मला समोर उभे केले आणि म्हणाले, "तू वाच, मी बघतो." सतराही अक्षरे आम्ही मोठ्याने वाचली. ती वाचायची वेळ खरे तर सात महिन्यांपूर्वीची होती.